नमुन्याची वही आणि विणणाराचं नाव

शेतकऱ्याला नमुना हा शब्द नवा, वानगी हा जुना. धान्याचं पोतं बाजारात उतरलं की व्यापारी त्यात नळी खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, दोन दाणे दाताखाली धरतो आणि भाव बोलतो. त्या मुठीवर सगळ्या वर्षाचं ठरतं. दाणा कुणाच्या शेतातला हे हिशोबपट्टीवर लिहिलं जातं, कारण पैसे कुणाला द्यायचे ते ठरवायचं असतं. पुढं गिरणीत गेल्यावर नाव गळून पडतं. आम्हाला त्याचं फारसं वाटत नाही. माझी ज्वारी आणि शेजाऱ्याची ज्वारी भाकरीत वेगळी ओळखू येत नाही.

हातमागाच्या कापडाचं तसं नाही. विणणाराचा हात त्यात राहतो. आमच्या गावच्या सणगरांची घोंगडी जत्रेत दहा घोंगड्यांत टाकली तरी म्हातारी माणसं काठावरून सांगायची, ही अमक्याच्या मागावरची. तरीपण कापडाच्या वानगीवर विणणाराचं नाव कधी लिहिलं गेलं नाही. हे मला कळलं ते वयाच्या साठीनंतर, आणि तेही पुण्यात.

त्याचं असं झालं. आमच्या पुरंदर तालुक्यातल्या गावचे एक सणगर, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, १९७२ च्या दुष्काळात पुण्याला गेले. मेंढरं मेली, लोकर संपली, माग बंद पडला. तात्यांनी भवानी पेठेत हमाली धरली. दिवसा पाठीवर पोती, रात्री चाळीतली खोली. हमाल पंचायतीनं १९७४ साली कष्टाची भाकर सुरू केली, तिथं जेवून दिवस काढले. चाळीत खड्डामाग कुठला? जमिनीत खड्डा कोण खणू देणार? मागाची लाकडं गावाकडं आमच्या गोठ्यात वीस वर्षं पडून होती. मग हडपसरच्या पुढं दीड गुंठा जागा घेतली, पत्रा टाकला आणि तात्यांनी घराच्या भिंती पुऱ्या व्हायच्या आधी मागाचा खड्डा खणला.

आता तात्यांना दिसत नाही. माग चालवते ती त्यांची सून. बारावी शिकलेली, सासऱ्याच्या हाताखाली पंधरा वर्षं काढलेली. तिनं हातमागाच्या पक्क्या कारागिराच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. त्यासाठी विणलेल्या नमुन्यांची एक फाईल द्यायची होती: बारा नमुने, प्रत्येकाची माहिती मराठीत, कसं केलं ते सविस्तर. मी चार ओळी लिहितो हे तिला ठाऊक. फोन आला, "काका, तुम्ही या. मला विणता येतं, पण विणलेलं सांगता येत नाही."

मी गेलो, आणि त्या निमित्तानं विचारत सुटलो की या शहरात कापडाचे नमुने याआधी कुणी गोळा केले, कशासाठी, आणि ते गेले कुठं. जे हाती लागलं ते आधी सांगतो, म्हणजे फाईलीत पुढं जे झालं त्याचा अर्थ लागेल.

पेशव्यांच्या काळात पुणं कापडाचं मोठं गिऱ्हाईक होतं. पैठणचं कापड पुण्याला येई. माधवराव पेशव्यांनी असावली दुपट्टे मागवले त्याची नोंद लोक आजही सांगतात: तांबडा, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी. रंग एकेक मोजून लिहिलेले आहेत. डाळिंबी आणि गुलाबी यांतला फरक कारकुनाला लिहावासा वाटला. कुणी विणावेत ते लिहायचं कारण पडलं नाही. शहरातही विणणारे होतेच. साळी होते, कोष्टी होते. गंज पेठेला लागून मोमीनपुरा आहे. मोमीन म्हणजे विणकर. तांबट आळीत तांबट, कागदीपुऱ्यात कागद करणारे, तसं हे. विणणारांची नावं वस्तीला लागली, कापडाला लागली नाहीत.

मग इंग्रज आले. लंडनमध्ये फोर्ब्स वॉटसन नावाचा साहेब होता. हिंदुस्थानातल्या मालाची माहिती ठेवायची हे त्याचं काम. तिथल्या संग्रहात इकडून गेलेलं कापड साठलेलं होतं. त्यानं १८६६ साली त्या कापडांचे तुकडे कापून पुस्तकं बनवली. सातशे तुकडे, अठरा खंड, आणि अशा अठरा खंडांचे वीस संच. प्रत्येक तुकडा कागदावर चिकटवलेला, शेजारी लांबी, रुंदी, वजन, कुठून आला ते गाव. लुगडी, पागोटी, धोतरं, मलमल, सगळं. वीसपैकी तेरा संच विलायतेत ठेवले, सात हिंदुस्थानात पाठवले. हेतू त्यानं लपवला नाही. इथल्या लोकांना काय नेसायला आवडतं ते मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना बसल्या जागी कळावं, म्हणजे त्यांना तसं कापड यंत्रावर काढून इकडं विकता येईल.

हे ऐकल्यावर तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आमचीच वानगी नेली आणि आमचाच बाजार उठवला."

एवढं सरळ ते नव्हतं, हेही खरं. गिरण्यांचा माल वॉटसनच्या आधीपासून येत होता, आणि पुढं मुंबईच्या देशी गिरण्यांनीही हातमागाला कमी मारलं नाही. पण तात्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहिला, त्यात परदेशातल्या यंत्राच्या मालानं इथल्या कारागिरांच्या पोटावर पाय कसा आला ते मांडलं आहे. फुल्यांचा वाडा गंज पेठेत, मोमीनपुऱ्याच्या अंगालाच. त्यांनी ते ऐकून लिहिलं नसणार, दारात बघून लिहिलं असणार.

त्या आधी पुण्यात गणेश वासुदेव जोशी यांनी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, स्वदेशीचं व्रत घेतलं होतं. १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते सार्वजनिक सभेच्या वतीनं गेले ते खादी घालून. सगळे राजे जरीत, आणि हे हातसुतात. पुढं १८९० साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यात औद्योगिक परिषद भरली. त्याच साली इथं औद्योगिक संग्रहालय सुरू झालं. त्याला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव मिळालं. इथल्या कारागिरांचे नमुने एका जागी बघायला मिळावेत, म्हणजे धंदा वाढेल, असा विचार. आज ते घोले रस्त्यावर आहे आणि त्याचं नाव महात्मा फुले वस्तुसंग्रहालय. पुण्याची मंडई, जिथं आमच्या बापजाद्यांनी भाजी विकली, तीही आधी रे मार्केट होती आणि आता महात्मा फुले मंडई. दोन्ही ठिकाणी साहेबाचं नाव गेलं आणि फुल्यांचं आलं. नाव बदलायला वेळ लागतो, पण बदलतं.

येरवड्याच्या तुरुंगाची गोष्ट वेगळी. तिथं कैद्यांकडून गालिचे विणून घेत. विजापूरच्या असर महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकला या तुरुंगात केल्या गेल्या आणि जाणकारांनी त्या वाखाणल्या. विणणारा कैदी. त्याचं नाव तुरुंगाच्या नोंदवहीत होतं, गुन्ह्यासाठी. गालिच्यावर नाव तुरुंगाचं.

त्याच येरवड्यात १९३० साली गांधीजी कैदी होते. तिथं त्यांनी पेटीत मावणाऱ्या छोट्या चरख्यावर काम केलं, आणि त्या चरख्याला नावच येरवडा चरखा पडलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९२९ साली, चरखा संघानं एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. खेड्यातल्या साध्या घरात चालेल असा सुधारलेला चरखा करून दाखवा. अटी अशा: बाईनं फार न थकता आठ तास चालवता यावा, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावं, किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, वीस वर्षं टिकावा. त्या काळचे एक लाख! किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र परीक्षेला गेलं. परीक्षकांनी सगळं तपासलं आणि अटींत बसत नाही असं ठरवलं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

मला या गोष्टीतलं एक फार आवडलं. त्या अटींमध्ये चालवणाऱ्या बाईच्या दमण्याचा विचार होता. वॉटसनच्या अठरा खंडांत कापडाचं वजन आहे, विणणाराच्या दमण्याला तिथं जागाच नाही. परीक्षा कुणासाठी घेतोय यावर तिच्यातले प्रश्न ठरतात.

आणखी एक. २२ फेब्रुवारी १९४४ ला पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. त्यांना शेवटी जी साडी नेसवली तिचं सूत गांधीजींनी स्वतः कातलेलं होतं. म्हणजे त्या साडीचा कातणारा आपल्याला माहीत आहे. विणली कुणी, हे मात्र मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या कुणाला सांगता आलं नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं हातमागाकडं लक्ष दिलं. १९५६ पासून वीव्हर्स सर्व्हिस सेंटरं निघाली, त्यांतलं एक मुंबईत. तिथं चित्रकार आणि विणकर शेजारी बसून नवे नमुने काढायचे. आपले मोठे चित्रकार प्रभाकर बरवे यांनी याच खात्यात नोकरी केली, आधी वाराणसीला, मग मुंबईला. १९६५ पासून कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले. २००९ पासून विणकरांसाठी संत कबीर पुरस्कार आहे. कबीर स्वतः विणकर, तेव्हा नाव शोभलं. २०१७ साली बायकांसाठी कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या नावानं वेगळा पुरस्कार जाहीर झाला. म्हणजे विणणाराचं नाव कागदावर यायला लागलं. युरोपात हे फार आधी होतं. तिथल्या कारागिरांच्या संघात उमेदवारी संपवून उस्ताद व्हायचं तर स्वतःच्या हातची एक वस्तू संघापुढं ठेवावी लागे. तिलाच मास्टरपीस म्हणत. आपण आज हा शब्द सिनेमाला वापरतो, पण मूळचा तो परीक्षेचा नमुना.

आता फाईलीकडं येतो.

बारा नमुने म्हणजे बारा तुकडे विणले आणि चिकटवले, इतकं सोपं मला वाटलं होतं. सूनबाईनं पहिल्या दिवशी एकही धागा लावला नाही. तिनं लोकर निवडली. जावळाची लोकर, म्हणजे कोकराची पहिली कातरणी, वेगळ्या टोपलीत. ती मऊ, अंगाला टोचत नाही. मोठ्या मेंढीची काळी वेगळी, पांढरी वेगळी, करडी वेगळी. रंग द्यायचा नाही, मेंढीचा जो रंग तोच कापडाचा. लोकर आमच्याच भागातल्या धनगरांची. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडं निघतात, वाटेत आमच्या रानात बसतात, रानाला खत मिळतं, त्यांना धान्य नाहीतर पैसे मिळतात. त्या वाड्यावरून मी स्वतः दोन पोती लोकर आणली. धनगरानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून निघत नाही आता. फेकून देतो. न्या."

मग पिंजणं, मग सूत. सूत काढतात वहिनी, तात्यांच्या बायको. वय सत्तरीच्या पुढं. चरख्याशी बसल्या की बोलणं चालूच, पण बोटांतला धागा कमीजास्त होत नाही. सूनबाईनं त्यांना एकाच लोकरीची तीन जाडीची सुतं काढायला सांगितली. वहिनींनी विचारलं, "कशाला गं?" ती म्हणाली, "परीक्षेला." वहिनी म्हणाल्या, "परीक्षा तुझी आणि कातायचं मी?" सगळे हसले, पण हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

सुताला खळ लागते. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवून वाटायचं, शिजवायचं. चिकट, तांबूस खळ होते. ताणा बाहेर उन्हात खुंट्यांवर ताणून कुंच्यानं खळ लावायची, धागे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बोटांनी मोकळे करायचे. ढग आले की काम थांबलं. जून तोंडावर होता, तेव्हा त्या पंधरा दिवसांत तिची नजर मागापेक्षा आभाळाकडं जास्त. हे मला ओळखीचं वाटलं. आम्हीही तेव्हा आभाळाकडंच बघत असतो.

विणताना तात्या मागाच्या कडेला जमिनीवर बसत. डोळ्यांनी दिसत नाही, पण हात्या आपटल्याचा आवाज ऐकून सांगत, "इथं हलका मारलास." कापडावर बोटं फिरवून सांगत, इंचात किती धागे बसलेत. आम्ही पट्टी लावून मोजले. ताण्याचे बारा. तात्या बारा म्हणाले होते.

नमुने असे: पहिला साधी वीण, एक वर एक खाली, काळा. दुसरा तीच वीण, पण बाणा जाड. तिसरा जावळाचा. चौथा काळा-पांढरा पट्टा. पाचवा चौकडी. सहावा नुसता काठ. सातव्यात तिरकी वीण, ती तात्यांना येत नव्हती, सूनबाई एका शिबिरात शिकलेली. आठवा ताणा सुती, बाणा लोकरीचा. नववा धुऊन मळून घट्ट केलेला. दहावा खळ जास्त दिलेला, पावसाच्या घोंगडीचा. अकरावा तात्यांच्या जुन्या घोंगडीवरून केलेली नक्कल. बारावा तात्यांनी सुचवला आणि त्यावरून घरात दोन दिवस वाद झाला.

तात्या म्हणाले, बारावा खोड्यांचा कर. तुटलेला धागा कसा दिसतो, चुकीच्या वहीतून ओवलेला धागा कसा दिसतो, काठ आत ओढला गेला की काय होतं, सगळं एका तुकड्यात मुद्दाम विणून दाखव आणि शेजारी दुरुस्ती दाखव. सूनबाईला ते पटेना. "तात्या, परीक्षेला कुणी चुका घेऊन जातं का?" तात्या म्हणाले, "चांगलं विणलेलं नशिबानंही होतं. खोड कुठून आली हे ज्याला सांगता येतं तो उस्ताद." शेवटी तिनं तो केला. मी त्याची माहिती लिहिली, आणि सगळ्या फाईलीत तीच पानं लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण प्रत्येक खोडीला कारण होतं, आणि कारण बहुतेक वेळा मागावर नव्हतं. सूत कातताना, खळ लावताना, अगदी मेंढी कातरतानासुद्धा होतं. कातर दोनदा फिरली की लोकरीचे आखूड तुकडे पडतात आणि त्यांचं सूत तुटतं.

मापं तीनदा लिहायची होती. फणीत चौदा इंच रुंद. मागावरून उतरल्यावर तेरा. धुऊन वाळल्यावर बाराला थोडं कमी. लोकर आकसते. गिऱ्हाइकाला शेवटचं माप मिळतं, विणणाराला पहिलं धरावं लागतं. सूनबाई म्हणाली, "काका, हे असंच लिहा. हेच तर येत नसतं नव्या माणसाला." शेवटी एक परीक्षाही जोडली. धाग्याचं टोक जाळायचं. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. बाजारात घोंगडी म्हणून जे प्लास्टिकच्या धाग्याचं विकतात ते वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. हे वाचणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. पण जाळायचा तो एकच धागा, घोंगडी नव्हे.

नमुने विणून होत आले तेव्हा वॉटसनच्या तेरा आणि सात संचांची गोष्ट मी घरात सांगितली होती. तात्या वर सांगितलं ते बोलले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला म्हणाले, "किती लांब विणलेस?" ती म्हणाली, "हातभर." "फाईल परत देतात का?" अर्जावर लिहिलं होतं, नमुने परत मिळणार नाहीत. तात्या म्हणाले, "मग सगळे परत विण. दोन हात लांब. मधोमध काप. एक त्यांना, एक घरात."

पाऊस चार दिवसांवर होता. वहिनींनी पुन्हा सूत काढलं. सूनबाई रात्री दिवा लावून विणत होती. मी घरी जाऊन पेरणीची तयारी करून परत आलो, तोवर नऊ झाले होते. बाकीचे तीन पावसातच झाले, ताणा पत्र्याखाली वाळवून. बारा नमुने, दोन संच. कापताना कात्री वहिनींच्या हातात दिली.

मग फॉर्म भरायला बसलो. पहिलाच रकाना: कारागिराचे नाव. एकच ओळ.

तात्या म्हणाले, "हिचं लिही." सूनबाई गप्प. मग म्हणाली, "आईंचं?" वहिनी म्हणाल्या, "मी नुसतं सूत काढते, माझं काय लिहायचं." तेव्हा मला ते परवाचं वाक्य आठवलं. हातमागाच्या कापडात निम्म्याहून जास्त वेळ मागावर जात नाही. निवडणं, पिंजणं, कातणं, खळ, कांड्या भरणं, यात जातो, आणि हे सगळं बहुतेक बायका करतात. विणणाराचं नावच जिथं दोनशे वर्षं लिहिलं गेलं नाही, तिथं कातणारीचं कोण लिहिणार? आणि आता नाव लिहायची वेळ आली तर ओळ एक.

कार्यालयात फोन केला. तिथल्या माणसानं नीट सांगितलं की प्रमाणपत्र एका व्यक्तीच्या कौशल्याचं असतं, दोन नावं चालत नाहीत. नियम म्हणून ते बरोबरही आहे. दहावीची परीक्षाही एकट्यानंच द्यायची असते. फॉर्मावर सुनेचंच नाव लिहिलं. पण प्रत्येक नमुन्याच्या माहितीत मोकळी जागा होती. तिथं तिनं मला लिहायला लावलं: लोकर कुठल्या वाड्यावरची, कातरली कधी, सूत काढलं सासूबाईंनी, खळ दोघींनी लावली, विणलं मी, तपासलं सासऱ्यांनी. बारा वेळा. मी म्हणालो, पहिल्यांदा लिहू, पुढं "वरीलप्रमाणे" टाकू. ती म्हणाली, "नाही. तुकडा सुटा झाला तर?"

परीक्षा झाली. परीक्षकांनी माग बघितला, तिला त्यांच्यासमोर विणायला लावलं, मग फाईल चाळली. खोड्यांच्या नमुन्यावर ते सगळ्यात जास्त थांबले आणि एक प्रश्न विचारला तो सुताबद्दल: हे तीन जाडीचं सूत मशीनचं का? सूनबाईनं दारातून चरखा दाखवला आणि वहिनींना बोलावलं. त्यांनी तिथंच बसून हातभर काढून दाखवलं. काही महिन्यांनी प्रमाणपत्र आलं. त्यावर एक नाव आहे, ते बरोबर लिहिलेलं आहे, आडनावाची वेलांटीसुद्धा चुकलेली नाही.

त्यानं काय झालं? लोकरीचा भाव वाढला नाही. धनगर अजून लोकर फेकून देतात. घोंगडी अजून महाग वाटते, कारण शेजारी प्लास्टिकची चौपट स्वस्त मिळते, आणि कागदावरच्या शिक्क्यानं हा हिशोब बदलत नाही. एवढं झालं की सूनबाईला शिकवायला बोलावणं येतं, आणि तिथं तिला कारागीर म्हणून मानधन मिळतं, मदतनीस म्हणून नाही. पूर्वी प्रदर्शनात लोक विचारायचे, "तुमचे मिस्टर विणतात का?" आता ती प्रमाणपत्र टेबलावर ठेवते, मग तो प्रश्न येत नाही. माझ्या मते हे थोडं नाही.

पण मला विचाराल तर मोठं काम त्या दुसऱ्या संचानं केलं. दिलेली फाईल कुठल्या तरी कपाटात आहे. घरातली मागाच्या खांबाला खिळ्यावर टांगलेली असते. तात्या आता मागापाशी येत नाहीत, पण शेजारच्या दोन पोरी शिकायला येतात. अडलं की त्या वही काढतात, तुकड्यावर बोट फिरवतात, धागे मोजतात, शेजारची माहिती वाचतात. सगळ्यात मळलेलं पान बाराव्याचं आहे, खोड्यांचं. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा तेरावा तुकडा लावलेला दिसला, वेडावाकडा, काठ आत गेलेला. खाली सूनबाईच्या अक्षरात लोकर कुठली ते होतं, सूत कुणाचं ते होतं, आणि विणणाऱ्या पोरीचं नाव तिनं स्वतः लिहिलेलं होतं.